थेंबाला टेकायला जागा लागते

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. सकाळचे साडेसहा वाजले असतील. मी शाळेचा डबा भरत होते, तोच अथणीहून धाकट्या दिरांचा फोन आला. माझं माहेर निपाणीकडचं, मराठी. सासर अथणी तालुक्यातलं, कन्नड. त्यामुळे आमच्या घरात ज्याच्या तोंडी जी भाषा आधी येईल ती खरी. भावजी मला ‘वैनी’ म्हणतात आणि हा शब्द मराठी की कन्नड, यावर आमच्याकडे अजून एकमत झालेलं नाही. एरवी ते आधी मुलांच्या परीक्षा विचारणार, मग पाऊसपाणी आणि शेवटी काम. त्या दिवशी मात्र त्यांनी थेट विचारलं, “वैनी, ई इब्बनी बीळदंग माडाक बरतैतेनु?” हे दव पडूच नये, असं काही करता येतं का?

प्रश्न गमतीचा नव्हता. भावजींची दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात छाटणी झालेली, बाग फुलोऱ्याच्या तोंडावर आलेली आणि रोज पहाटे पानं ओलीचिंब. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना पुढचं सांगायला नको. केवड्याची बुरशी, जिला बागायतदार ‘डाऊनी’ म्हणतात, तिला पानावर काही तास पाणी मिळालं की पुरतं. तिचे बीजाणू त्या पाण्यात अक्षरशः पोहतात आणि पानाच्या श्वासरंध्रातून आत शिरतात. आदल्या वर्षी भावजींच्या निम्म्या बागेतले घड असेच वाळून गेले होते. फवारणीचा खर्च झाला तो झालाच, सोसायटीचं कर्जही तसंच राहिलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हणून घरातल्या मिक्सरपासून मोबाइलच्या टॉवरपर्यंत सगळ्याचा जाब मलाच विचारला जातो. “बघते हं भावजी,” असं म्हणून मी फोन ठेवला. मग पुढचे दोन महिने फावल्या वेळात मी एकच गोष्ट वाचत बसले. थेंब जन्माला कसा येतो?

दव पडत नाही

सुरुवातीलाच एक कबुली. आपल्या दोन्ही भाषा इथे चुकल्या आहेत. मराठीत दव ‘पडतं’ आणि कन्नडमध्येही इब्बनी पडतेच, ‘बीळतैती’. जणू आभाळातून कुणी शिंपडतंय. दव पडत नाही. ते जिथल्या तिथे, पानावरच जन्मतं.

हे नीट सिद्ध केलं ते विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरांनी. त्यांचा दवावरचा निबंध १८१४ साली प्रसिद्ध झाला. हा माणूस प्रकृतीनं अधू, तरी रात्र रात्र बागेत बसायचा. त्याचं साहित्य म्हणजे वजन केलेले लोकरीचे पुंजके, प्रत्येकी दहा ग्रेनचे, म्हणजे साधारण ०.६५ ग्रॅम. एक पुंजका फळीच्या वर ठेवायचा, एक खाली, आणि पहाटे दोन्ही पुन्हा तोलायचे. वरचा पुंजका खालच्यापेक्षा कितीतरी जड भरायचा. इथवर कुणी म्हणेल की वरून पडलं म्हणून वरचा भिजला. पण वेल्सनी थर्मामीटरही लावले होते. त्यांना दिसलं की उघड्या आभाळाकडे तोंड करून असलेली वस्तू आधी थंड होते, भोवतालच्या हवेपेक्षाही थंड, आणि त्यानंतर ओली होते. ढग आले की थंड होणं थांबतं आणि दवही थांबतं. आधी गारवा, मग पाणी, हा क्रम महत्त्वाचा.

गारव्याचं कारण सोपं आहे. रात्री पान आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडत असतं. स्वच्छ आकाश त्यातली फारच थोडी परत करतं. ढग किंवा झाडाचा पसारा वर असला तर तो बरीचशी परत देतो. म्हणून अंगणातली सायकल भिजते आणि आंब्याखालची कोरडी राहते.

आता हवेचा हिशेब. संध्याकाळी तापमान २५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत जवळपास १४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. हीच हवा साडेसोळा अंशांच्या आसपास थंड झाली की तिला एवढी वाफ धरवत नाही. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. आठवी-नववीच्या पुस्तकात धडा इथेच संपतो. दवबिंदू आला, दव जमलं, उत्तर पूर्ण, गुण दोन. मीही कित्येक वर्षं एवढंच शिकवत आले आहे.

पण खरी गंमत इथून पुढे आहे. दवबिंदू गाठला तरी थेंब आपोआप होत नाही.

चार भिंतींचा खर्च

घर बांधणाऱ्याला हे लगेच कळेल. समजा तुम्हाला एक खोली बांधायची आहे. उपयोग होतो तो आतल्या जागेचा आणि पैसा जातो तो भिंतींना. खोली मोठी असेल तर भिंतींचा खर्च वसूल होतो. पण कोंबडीच्या खुराड्याएवढी खोली बांधली तर? भिंतीच भिंती, आत जागा नाही. निव्वळ तोटा.

थेंबाचं अगदी असंच असतं. दवबिंदूच्या खाली गेलेल्या वाफेला पाणी होण्यात फायदा असतो, आणि तो फायदा थेंबाच्या घनफळाच्या प्रमाणात मिळतो. पण थेंब म्हटला की त्याला पृष्ठभाग आला. पाण्याच्या पोटातल्या रेणूला चहूबाजूंनी सोबती असतात. कडेच्या रेणूला एका बाजूनं कुणीच नसतं. ही कड राखायला ऊर्जा लागते. तिलाच आपण पृष्ठताण म्हणतो. कन्नडमध्ये पृष्ठभागाला ‘मेल्मै’ म्हणतात, म्हणजे वरचं अंग. मला हा शब्द फार आवडतो. थेंबाला हे वरचं अंग महाग पडतं. थेंब जितका लहान, तितका पोटाच्या मानानं अंगाचा खर्च जास्त.

म्हणून दहा-वीस रेणू एकत्र आले तर त्यांचा ‘संसार’ टिकत नाही. वाढण्यापेक्षा विखुरण्यातच त्यांचा फायदा असतो. ठरावीक आकाराचा एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडचा थेंब मरतो, पलीकडचा वाढतो. या हिशेबाचा पाया अमेरिकेतल्या विलर्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात घातला. इवल्या थेंबावरून पाणी जास्त लवकर उडतं हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७१ मध्ये दाखवलं. पुढे १९२६ मध्ये फोल्मर आणि वेबर यांनी, आणि १९३५ मध्ये बेकर आणि ड्योरिंग यांनी थेंब किती वेगानं जन्मतील याचं गणित मांडलं. शास्त्रात या जन्माला ‘न्यूक्लिएशन’ म्हणतात. आपण बीजधारणा म्हणू.

उंबरठा किती उंच? हवेत धरण्याजोगी वाफ जेवढी, तिच्या दुप्पट वाफ कोंबली, तर २० अंशाला साधारण ५२० रेणूंनी एकाच वेळी एकत्र यावं लागतं. आणि दवाच्या रात्री दुप्पट कुठली, पानाजवळ जेमतेम १०-१५ टक्के जास्त वाफ असते. तेव्हा हा आकडा साधारण ६० हजारांपासून दोन लाख रेणूंपर्यंत जातो! मोकळ्या, स्वच्छ हवेत इतक्या रेणूंची योगायोगानं गाठ पडायला विश्वाचं आयुष्यही पुरणार नाही. शुद्ध हवेत, धूळ-विद्युतभार काही नसताना थेंब करायचे तर वाफ कितीतरी पटींनी जास्त लागते. केंब्रिजच्या सी. टी. आर. विल्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे प्रयोगांनी दाखवलं होतं.

मग रोज पहाटे भावजींच्या बागेत कोट्यवधी थेंब येतात कुठून?

पडवी

आपल्याकडे जुन्या घरांना पडवी असते. पडवी स्वस्त का पडते? कारण एक भिंत आयती मिळते. घराच्या भिंतीला टेकून छप्पर उतरवलं की झालं. थेंबही हेच करतो. हवेत लटकणारा थेंब म्हणजे चारही भिंती स्वतःच्या पैशानं बांधणारा. पानावर, काचेवर, ताटावर टेकलेला थेंब म्हणजे पडवी.

अर्थात सगळ्याच भिंती सारख्या नसतात. एखादा शेजारी भिंत वापरू देतो, एखादा खिळाही ठोकू देत नाही. पृष्ठभागाचा हा स्वभाव ‘स्पर्शकोना’वरून कळतो. टॉमस यंग यांनी १८०५ साली याचा नियम सांगितला. थेंब पसरट बसला तर कोन लहान, म्हणजे पृष्ठभागाला पाणी आवडतं. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर कोन मोठा, म्हणजे आवडत नाही.

या कोनानुसार उंबरठ्यावर जी सूट मिळते, ती पाहून मी थक्क झाले. दुप्पट वाफेचंच उदाहरण घेऊ. मोकळ्या हवेत थेंबापुढची अडचण रेणूंच्या नेहमीच्या उष्णतेच्या धक्क्याच्या सुमारे १८० पट असते. स्पर्शकोन ९० अंशांचा असेल तर ती निम्मी होते. ६० अंशांचा असेल तर साधारण सहावा हिस्सा उरतो. आणि ३० अंशांचा असेल तर? शंभरातला जेमतेम एक भाग आणि वर थोडं. १८० चे सव्वादोन! ५२० रेणूंऐवजी कागदावर सात रेणू पुरतात. शिवाय थेंब जन्मण्याचा वेग या अडचणीवर सरळ नव्हे तर घातांकानं अवलंबून असतो. म्हणजे अडचण थोडी कमी झाली की जन्म लाखो-करोडो पटींनी वाढतात.

घरी करून बघण्याजोगा प्रयोग आहे. न्हाणीघरातला आरसा स्वच्छ पुसा. अर्ध्या भागावर साबणाचं बोट फिरवा आणि कोरड्या फडक्यानं पुसून टाका, दिसू नये इतकं. आता तोंडानं ‘हाऽ’ करून वाफ सोडा. साध्या भागावर धुकं धरेल, कारण तिथे हजारो उभे थेंब जमून प्रकाश विखुरतात. साबणाच्या भागावर आरसा तसाच स्वच्छ दिसेल. तिथेही पाणी जमलेलंच असतं, फक्त ते पातळ थर होऊन पसरलेलं असतं. चष्मेवाल्यांना ही युक्ती करोनाच्या काळात, मास्क लावून, चांगलीच पाठ झाली. पण आपल्या डोळ्यांदेखत स्पर्शकोन बदलतोय, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

वर्गात हा प्रयोग केला तेव्हा एका मुलीनं विचारलं, “टीचर, मग ‘थेंबे थेंबे तळे साचे’ खोटं का?” तिच्या शेजारणीनं लगेच कन्नड म्हण पुढे केली, “हनि हनि कूडिदरे हळ्ळ, तेने तेने कूडिदरे बळ्ळ.” थेंब थेंब जमला तर ओढा, कणीस कणीस जमलं तर मापभर धान्य. मी म्हटलं, दोन्ही म्हणी खऱ्या, पण त्या उंबरठ्याच्या पलीकडच्या. अलीकडे एक आणि एक दोन होत नाहीत, शून्य होतं. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. विज्ञानाच्या तासाला हे क्वचित घडतं, म्हणून लिहून ठेवतेय.

अत्तींचं धोतर

हे सगळं वाचताना मला सारखी आमच्या सासूबाईंची आठवण येत होती. आम्ही त्यांना अत्ती म्हणतो. काळ्या रानात, त्यांच्या शब्दांत ‘एरी होला’त, हरभरा घाट्यांवर आला की पौषातल्या थंडीत त्या संध्याकाळी जुनं पातळ धोतर हरभऱ्यावर पसरून यायच्या. पहाटे ते ओलं धोतर पितळी पातेल्यात पिळायचं. हाती येते ती हरभऱ्याची आंब. आपल्याकडे सगळे तिला ओळखतात. अत्ती तिला नुसतं ‘हुळी’ म्हणतात, म्हणजे आंबट. आयुर्वेदात तिचं नाव चणकाम्ल. पोट दुखलं, अजीर्ण झालं की चमचाभर पाण्यातून. लहानपणी माझ्या नवऱ्यानं ती दुखत नसतानाही प्यायल्याची नोंद घरात आहे.

या एका धोतरात थेंबाचं सगळं शास्त्र बसतं. हरभऱ्याच्या पानावर बारीक ग्रंथींचे केस असतात. त्यांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. आम्ल किंवा क्षार विरघळलेल्या पाण्यावरून वाफ सहज सुटत नाही, त्यामुळे तिथला इवला थेंबही तग धरतो. म्हणजे सूट आणखी वाढली. केस म्हणजे खाचाखोचा, आणि खाचेत थेंबाला एक नाही तर दोन-तीन भिंती आयत्या मिळतात. अरुंद फटीत तर हवा दवबिंदूला पोचण्याआधीच पाणी धरू शकतं. त्यावर सुती कापड, पाण्याची ओढ असलेलं, आणि तोंड उघड्या आभाळाकडे. रात्री ते थंडही लवकर होणार. अत्तींना स्पर्शकोन ठाऊक नव्हता, पण धोतराऐवजी नायलॉनची साडी त्यांनी कधी पसरली नाही.

मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. पहाटे पानावर दिसणारं सगळंच पाणी दव नसतं. गवताच्या पात्याच्या टोकाला, अळूच्या पानाच्या कडेला जे टपोरे थेंब ओळीनं दिसतात, ते बहुतेक वेळा झाडानं मुळांतून वर ढकललेलं पाणी असतं. दव पानभर बारीक पसरतं. भावजींना आधी हेच तपासायला सांगितलं. त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवले. पानभर बारीक मोहरीसारखे थेंब होते. दवच.

मेण लावलं तर?

भावजींचा पुढचा प्रश्न हुशारीचा होता. पानावर मेणासारखं काही फवारलं, कमळाच्या पानासारखं केलं, तर थेंब बसणारच नाही ना?

मलाही आधी तसंच वाटलं. स्पर्शकोन १५० अंशांवर नेला तर सूट जवळजवळ संपते. अडचण मोकळ्या हवेएवढीच होते. कमळाचं आणि अळूचं पान असंच असतं. त्यावर मेणाचे सूक्ष्म उंचवटे असतात आणि वरून टाकलेलं पाणी पाऱ्यासारखं घरंगळतं. जर्मनीतल्या बार्टलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पण वरून पडलेला थेंब वेगळा आणि तिथेच जन्मलेला थेंब वेगळा. पावसाचा थेंब उंचवट्यांच्या माथ्यांवर बसतो, खाली हवा राहते. वाफ मात्र उंचवट्यांच्या मधल्या दरीत शिरते आणि थेंब तिथेच धरतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कमळाच्याच पानावर वाफ जमवून पाहिली, तर ते थेंब घरंगळले नाहीत, चिकटून राहिले.

आणि द्राक्षाचं पान काही प्रयोगशाळेतली काच नाही. त्यावर धूळ आहे, लव आहे, शिरांच्या खाचा आहेत, मागच्या फवारणीचे सुकलेले क्षार आहेत. औषध पानावर पसरावं म्हणून आपणच त्यात ‘स्प्रेडर’ घालतो, म्हणजे स्पर्शकोन आपणच कमी करतो. एकेका पानावर थेंबाला टेकायला लाखो जागा. एक बंद केली तर दुसरी आहेच. जन्माच्या जागेवर ही लढाई जिंकता येत नाही.

ज्यांना दव हवंच आहे, त्यांनी याच गोष्टीचा फायदा करून घेतला. कच्छच्या किनारपट्टीत पाऊस कमी आणि भूजल खारट. तिथे कोठारा, पनंध्रो या भागांत अहमदाबादच्या आयआयएममधले प्राध्यापक गिरजा शरण यांनी दोन हजारच्या दशकात दव गोळा करणारी छपरं उभी केली. फ्रान्समधले दवाचे अभ्यासक डॅनिएल बेसाँ आणि त्यांची संस्था यांचंही सहकार्य होतं. या कामातला प्लॅस्टिकचा कागद बघण्यासारखा आहे. रात्री भराभर थंड व्हावा म्हणून त्यात पांढऱ्या खनिजांची बारीक भुकटी असते आणि पाणी त्यावर सहज धरावं म्हणून साबणाच्या जातीचा, पण पाण्यात न विरघळणारा घटक. त्या अदृश्य थरानं उंबरठा खाली आणायचा आणि उतारानं पाणी पन्हाळीत आणायचं. मिळतं किती? एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना जवळपास २,४५० ज्यूल उष्णता सुटते, आणि ती आकाशाकडे घालवता आली तरच पुढचा ग्रॅम. म्हणून एका चौरस मीटरवर रात्रभरात फार तर पाऊण लिटर, आणि एरवी त्याहून बरंच कमी. तळं नाही, पण पिण्याचं गोडं पाणी.

याच्या उलट बाजूला आपले साखर कारखाने. उसाचा रस आटवण्याच्या भांड्यांत नळ्यांच्या आत रस आणि बाहेर वाफ असते. वाफ नळीवर पाणी होते आणि आपली उष्णता रसाला देते. पण ते पाणी थर होऊन नळीला गोधडीसारखं गुंडाळून बसतं आणि मागून येणाऱ्या उष्णतेची वाट अडवतं. थराऐवजी थेंब झाले आणि घरंगळून गेले, तर उष्णता पाच-दहा पटीनं जास्त वाहते, हे श्मिट आणि सहकाऱ्यांनी १९३० मध्येच जर्मनीत दाखवलं होतं. त्यासाठी नळीला पाणी न आवडणारा लेप हवा, आणि वाफेच्या माऱ्यात वर्षानुवर्षं टिकणारा लेप काही सहज मिळत नाही. नव्वद वर्षं उलटून गेली, अजून शोध चालूच आहे.

साडेआठ

डिसेंबरात आम्ही अथणीला गेलो तेव्हा मी भावजींना म्हटलं, जन्म थांबवता येत नाही, पण गारवा थांबवता येतो. त्यांचा विश्वास बसेना. मग वेल्सचाच प्रयोग केला. लोकरीऐवजी स्टीलची दोन ताटं घेतली. एक बागेच्या कडेला उघड्यावर ठेवलं, एक बांधावरच्या आंब्याखाली. पहाटे शाली पांघरून सगळे बघायला, अत्तीसुद्धा. उघड्यावरच्या ताटावर बोटानं नाव लिहिता येत होतं. आंब्याखालचं कोरडं ठणठणीत.

“मग बागेवर आंबे लावू का?” भावजी म्हणाले.

आंबे नकोत, पण छप्पर चालेल. अलीकडे काही बागांवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालतात, मुख्यतः अवेळी पावसापासून वाचायला. दव मग पानाऐवजी बरंचसं कागदावर धरतं. पण त्यातही मेख आहे. साध्या पातळ पॉलिथिनमधून उष्णतेचे किरण बरेचसे आरपार निघून जातात, म्हणून कागद कोणता, हे विचारून घ्यावं लागतं. आणि आतल्या बाजूला थेंब धरून ते टपटप घडांवर गळले तर फायद्याचा तोटा. त्यासाठी थेंब न धरता पाणी पसरवणारा कागद मिळतो, म्हणजे पुन्हा आपला आरसा आणि साबण. खर्चाचा आकडा ऐकून भावजी गप्प झाले. दोन एकरांना ते झेपणारं नव्हतं. मीही आग्रह केला नाही. पगारावर जगणाऱ्यानं दुसऱ्याच्या कर्जावर प्रयोग सुचवू नयेत.

मग उरलं काय? ओल येणारच, तर ती लवकर जावी. बुरशीला तास मोजून लागतात, ते तास कमी करायचे. भावजींनी घडांभोवतीची दाटी विरळ केली, वारा खेळेल अशी. शिवाय एक वही केली. रात्री आभाळ कसं होतं, ढग की मोकळं. पहाटे पानं ओली की कोरडी. आणि ती किती वाजता वाळली. ढगाळ रात्रीनंतरची पहाट बऱ्याचदा कोरडी निघते, हे त्यांचं त्यांनाच दिसलं. ठरलेल्या वारी डोळे मिटून फवारायचं, त्याऐवजी ते आता वही बघून आणि कृषी केंद्रातल्या माणसाला विचारून फवारतात.

माल फेब्रुवारीत उतरेल. काय दर लागेल तो लागेल. गेल्या रविवारी फोन केला तर आधी अत्तींनीच घेतला. या वर्षी हुळी चांगली निघाली, बाटली भरून ठेवलीय, संक्रांतीला आलात की न्या, म्हणाल्या. मागून भावजींचा आवाज आला, “वैनी, आज पानं साडेआठलाच वाळली. छाटायच्या आधी दहा व्हायचे.”